डालग्यातून फ्रिजमध्ये

नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही आठवडे बाजारात गावरान कोंबडी घेणारी बाई आधी भाव विचारत नाही. डालग्यात हात घालून ती कोंबडी उचलते, फुंकर मारून पिसांखालची कातडी बघते, छातीच्या हाडावर अंगठा दाबते. तुरा लाल आहे का, डोळा लख्ख आहे का, पायाची नखी किती वाढलीय, बीट पातळ तर नाही ना, हे सगळं झालं की मग "केवढ्याला?" तलंग असेल तर रश्शाला उत्तम, जून कोंबडा असेल तर शिजायला वेळ लागणार, म्हणून भाव पाडायचा. घरी आणलेली कोंबडी खुराड्यात जाते आणि पाहुणा दारात येईपर्यंत तिच्या मानेला सुरी लागत नाही.

मांस ताजं ठेवायची याहून जुनी रीत नाही. खायची वेळ येईपर्यंत जीव जिवंत ठेवायचा. नाताळच्या ताटावर मिरवणारी टर्की याच रीतीवर जगभर फिरली. ही रीत मोडली तेव्हा पक्षीही बदलला आणि तो घेणाऱ्याची काळजीही बदलली.

टर्की मूळची मेक्सिकोची. तिथल्या लोकांनी ती दोन हजार वर्षांपूर्वीच माणसाळवली होती. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिश लोकांनी ती युरोपात नेली आणि बघता बघता ती तिकडच्या श्रीमंतांच्या मेजवानीत मोरा-हंसांच्या जागी बसली. इंग्लंडमध्ये नॉरफोक आणि सफोक हे टर्कीचे परगणे. इंग्रज लेखक डॅनियल डिफो यानं अठराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात लिहून ठेवलंय की तिथून टर्कीचे कळप चालत लंडनला जात आणि एकेका कळपात तीनशेपासून हजारापर्यंत पक्षी असत. निघायचे ऑगस्टमध्ये, सुगी उरकली की. आपल्याकडे धनगरांचा वाडा जसा मोकळ्या रानातून चरत चरत पुढे सरकतो, तसेच हे कळप कापणी झालेल्या शेतातले दाणे टिपत जात. वाटेत खाऊन अंग धरायचं आणि बाजारात पोचायचं ते आपल्या पायांनी. बर्फ नको, मीठ नको, गाडीभाडंही नको.

हिंदुस्थानात टर्की आली ती समुद्रमार्गे, पोर्तुगीजांच्या गोव्यात. पण इथे तिची पहिली गाजलेली नोंद स्वयंपाकघरातली नाही. जहांगीर बादशहानं मुकर्रबखान या सरदाराला गोव्याला धाडलं होतं. फिरंग्यांकडे जे काही अपूर्व दिसेल ते मागतील त्या किमतीला घेऊन यायचं, असा हुकूम होता. खान १६१२ साली परतला तो अनेक चमत्कारिक प्राणी-पक्षी घेऊन, आणि त्यात एक टर्कीचा नर होता. बादशहानं आपल्या आठवणींत त्याचं बारकाईनं वर्णन केलंय. आकार लांडोरीहून मोठा नि मोराहून लहान. रंगात आला की मोरासारखा पिसारा फुलवून नाचतो. डोक्या-मानेवरची कातडी घडीत पोवळ्यासारखी लाल, घडीत कापसासारखी पांढरी, घडीत निळसर. चोचीवरून लोंबणारं मांस कधी सोंडेसारखं लांबतं, तर कधी आखडून शिंगासारखं उभं राहतं. बादशहाचा चित्रकार उस्ताद मन्सूर यानं त्याचं चित्र काढलं. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. गोव्यापासून दरबारापर्यंतची मजल त्या पक्ष्यानं जिवंत मारली, म्हणून तर हे रंग टिपता आले.

नगरकडे ही कथा वळते ती छावणी आणि मिशनच्या वाटेनं. १८०३ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीनं नगरचा किल्ला घेतला. पुढे भिंगारला इंग्रजांचा कॅम्प बसला. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं नगरात सुरू झालं. या मिशनच्या पाठीशी असलेलं बोर्ड बोस्टनचं, म्हणजे ज्या न्यू इंग्लंडात थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्की लागतेच, त्या मुलखातलं.

मजा अशी की मांस टिकवायचं दुसरं साधनही त्याच बोस्टनहून हिंदुस्थानात आलं. १८३३ मध्ये 'टस्कनी' जहाज तळ्यांतला बर्फ भरून कलकत्त्याला निघालं. निघताना सुमारे १८० टन असलेला बर्फ चार महिन्यांच्या प्रवासानंतर उतरवताना शंभर टनांच्या आसपास उरला होता. पुढच्याच वर्षी मुंबईत बर्फ पोचला आणि जमशेटजी जीजीभॉय यांनी आपल्या मेजवानीत आइस्क्रीम वाढलं. पण घाट चढून नगरला यायचं तर तेव्हा बैलगाडीच होती. नगरवरून जाणारा दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला तो १८७८ मध्ये. साहेबाच्या घरीही तोवर जुनीच रीत होती, आणि पुढेही राहिली. फ्लोरा ॲनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर यांनी १८८८ मध्ये मेमसाहेबांसाठी संसाराचं जे मार्गदर्शक पुस्तक लिहिलं, त्यात बंगल्याच्या आवारातल्या गाई-कोंबड्यांची निगा हा संसाराचाच भाग धरलाय. कोंबडा आवारात फिरायचा, खानसामा दाणा टाकायचा आणि मेजवानीच्या दिवशी त्याचा नंबर लागायचा.

कोंबडी एका घरात संपते. मोठं जनावर कापलं की उरलेल्या मांसाचं काय, हा प्रश्न आलाच. त्याचं गावानं काढलेलं उत्तर म्हणजे वाटा. आखाडात किंवा जत्रेला चार-सहा घरं मिळून बोकड घेतात. सकाळी बोकड पडतो, पानांवर वाटे लागतात. प्रत्येक वाट्यात मांडीचा तुकडा, चाप, काळजाचा बोटभर तुकडा, थोडी चरबी हवीच, नाहीतर भांडण ठरलेलं. मुंडी-पाय आणि वजरी वेगळी. दुपारच्या आत प्रत्येक चुलीवर रस्सा रटरटत असतो. खाणारी तोंडं वाढली की ठेवायला काही उरत नाही. उरवायचंच असेल तर मांसाच्या पट्ट्या मीठ लावून उन्हात कडकडीत वाळवायच्या. मराठवाड्यातल्या दलित घरांतल्या या चान्यांबद्दल शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात लिहिलंय. पाणी गेलं की मांस टिकतं, हे शहाणपण उन्हाच्या मुलखातलं.

थंडीनं मांस टिकवण्याचा धंदा मोठा झाला तो १८८२ नंतर. त्या वर्षी 'डनेडिन' जहाजातून न्यूझीलंडचं गोठवलेलं मटण धडपणे इंग्लंडला पोचलं. जनावर आपल्या पायांनी बाजारात जाण्याची गरज संपली. मग अमेरिकेत घरोघरी फ्रिज आले आणि टर्कीच त्यात मावेना! अमेरिकन कृषी खात्यानं १९३० च्या दशकात मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिल इथे मुद्दाम आटोपशीर जात तयार करायला घेतली. गिऱ्हाइकांना हवा होता आठ ते पंधरा पौंडांचा, म्हणजे साडेतीन ते सात किलोंचा पक्षी, जो घरातल्या ओव्हनमध्ये आणि फ्रिजमध्ये बसेल. फ्रिजच्या मापानं बेतलेली ही 'बेल्ट्सव्हिल स्मॉल व्हाइट' भारतातही पाळली जाते. आपल्याकडे गोदरेजचा पहिला फ्रिज निघाला १९५८ मध्ये. बरेलीजवळच्या इज्जतनगरला १९७९ मध्ये केंद्रीय पक्षी संशोधन संस्था झाली आणि तिनं टर्कीच्या पैदाशीवरही काम केलं.

जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय. इथल्या मराठी ख्रिस्ती घरांत नाताळ म्हणजे करंज्या, चकल्या, शंकरपाळ्यांचा फराळ आणि मटणाचा किंवा गावरान कोंबडीचा रस्सा. टर्की हौसेची. ती पाळायची हौस असेल तर एक गोष्ट पक्की ध्यानात धरावी : कोंबड्यांच्या खुराड्यात टर्की ठेवू नये. कोंबडीच्या पोटातल्या कृमींबरोबर 'ब्लॅकहेड' रोगाचे जंतू पसरतात. कोंबडी तो रोग सहसा पचवते, टर्की मरते. अंडी उबवायलाही कोंबडीचे २१ दिवस धरून चालत नाही, टर्कीला २८ लागतात.

बहुतेकांची गाठ पडते ती कापलेल्या टर्कीशी. आधीच्या सगळ्या पिढ्यांत ताजेपणा पक्षीच सांभाळत होता. आता तो आपल्याला सांभाळावा लागतो. गोठवलेली टर्की पुण्या-मुंबईच्या मोठ्या दुकानांत नाताळच्या सुमारास मिळते. ती ओट्यावर न ठेवता फ्रिजमध्येच वितळवावी आणि दर दोन-सव्वादोन किलोंना एक दिवस धरावा. पाच किलोंच्या पक्ष्याला अडीच-तीन दिवस लागणारच. ताजी घेतली तर ती शिजवायच्या आदल्या दिवशी, फार तर दोन दिवस आधी घ्यावी. कातडी चिकट नको, आंबूस वास नको. घरी येताच खोलगट परातीत घालून फ्रिजच्या सगळ्यात खालच्या फळीवर ठेवावी, म्हणजे तिचं पाणी कोशिंबिरीवर ठिबकणार नाही. फ्रिजमधलं तापमान ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली हवं. नळाखाली धुऊ नये, शिंतोड्यांबरोबर जंतू ओटाभर होतात.

डिसेंबरात नगरचा पारा पहाटे कधी कधी १० अंशांखाली जातो, म्हणून पातेलं गच्चीवर ठेवण्याचा मोह होतो. तो आवरावा. पहाटेची ती थंडीही मांसाला पुरत नाही आणि दुपारी तर ऊन तापतंच. वीज गेली तर फ्रिजचं दार उघडू नये. बंद दारात चारेक तास गारवा राहतो. शिजताना मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, तापमापी ७४ अंश दाखवू दे. जेवण झाल्यावर उरलेलं दोन तासांच्या आत लहान डब्यांत घालून फ्रिजमध्ये ठेवावं आणि तीन-चार दिवसांत संपवावं.

एवढा कुटाणा नको असेल तर वाट्याचा हिशोब आजही चोख आहे. आधी माणसं मोजा, मग पक्ष्याचं वजन ठरवा. कापलेल्या पक्ष्याचं हाडासकट माणशी अर्धा किलो धरलं, तर पाच किलोंची टर्की दहा जणांची. घरात चौघंच असतील तर शेजारच्या दोन घरांना नाताळचं आमंत्रण आधीच देऊन ठेवावं, आणि त्यानंतरच टर्की सांगावी.