भूल देणाऱ्या बायका

मागच्या महिन्यात उत्तनच्या एका बचत गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी आली. एका ताईंच्या मुलीला भूल देणारी नर्स व्हायचं होतं. हातात जाहिरातीचा कागद होता: एक वर्षाचा कोर्स, मग परदेशात नोकरी. आमच्यात दोन तट पडले. कुणी म्हणालं, पोरीचं भलं होतंय, पैसे द्या. एक आजी म्हणाल्या, ऑपरेशनच्या खोलीत बाईमाणसाचं काय काम? शेवटी ठरलं, आधी माहिती काढायची. ती काढताना जो इतिहास हाती लागला, तो आज तुम्हाला सांगतो.

भूल नव्हती तेव्हा माणसाला चार जणांनी धरून ठेवायचं आणि डॉक्टरांनी होईल तितक्या लवकर कापायचं, अशीच रीत होती. १८४६ साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरात ईथर हुंगवून सगळ्यांसमोर ऑपरेशन झालं. १८४७ साली एडिंबरामध्ये क्लोरोफॉर्म वापरात आला आणि त्याच वर्षी आपल्या देशात कलकत्त्यालाही ईथर देऊन ऑपरेशन झालं. पण नवी अडचण उभी राहिली. औषध कमी पडलं तर रोगी जागा होतो, जास्त झालं तर श्वासच थांबतो. म्हणजे थेंब थेंब औषध देत, दुसरीकडे नजर न वळवता रोग्यापाशी बसणारं माणूस हवं.

आजींच्या प्रश्नाचं उत्तर इथंच मिळतं. त्या काळात औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी हे आपले जिल्हे निजामाच्या हैदराबाद राज्यात होते. त्या हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत १८८५ साली पाच मुलींनी नाव घातलं. त्यांतल्या एक रूपाबाई फर्दुनजी, पारशी घरातल्या. १८८९ मध्ये त्या शिकून बाहेर पडल्या आणि रोग्यांना क्लोरोफॉर्म देऊ लागल्या. भूल देणाऱ्या पहिल्या महिला डॉक्टर म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. त्यांचे गुरू डॉ. लॉरी यांची शिकवण होती की नाडीपेक्षा श्वासाकडे बघा. क्लोरोफॉर्मने हृदयही बंद पडू शकतं, हे पुढे कळलं. पण श्वासावरची नजर हटवायची नाही, हा धडा आजही खराच आहे. १९०९ साली रूपाबाई आणखी शिकायला थेट एडिंबराला गेल्या.

अमेरिकेत हेच काम नर्सच्या हाती आलं. तिथं डॉक्टरांना ऑपरेशन शिकण्याची हौस, रोग्याच्या उशाशी बसायला कुणी राजी नसे. मग रुग्णालयांनी नर्सना शिकवलं. ॲलिस मॅगॉ नावाच्या नर्सने १९०६ साली आपल्या कामाचा हिशोब छापला: १४,००० हून जास्त वेळा भूल दिली आणि भुलीमुळे एकही मृत्यू नाही. त्या रोग्याशी हळू आवाजात बोलत, धीर देत, त्यामुळे औषधही कमी लागे. पुढे काही डॉक्टर कोर्टात गेले, नर्सने भूल देणं बेकायदा आहे म्हणाले. १९३६ साली कॅलिफोर्नियाच्या वरिष्ठ कोर्टाने नर्सच्या बाजूने निकाल दिला. आज तिथं हे मोठ्या मानाचं आणि चांगल्या पगाराचं काम आहे. पण त्यासाठी आधी नर्सिंगची पदवी, मग अतिदक्षता विभागातला अनुभव आणि त्यावर डॉक्टरेटपर्यंतचं शिक्षण लागतं. एक वर्षात ते होत नाही.

आपल्याकडे वाट वेगळी झाली. १८९१ साली बाई काशीबाई गणपत मुंबईत नर्सिंग शिकायला आल्या. नर्सिंगच्या पुस्तकांत पहिल्या भारतीय नर्स म्हणून त्यांची नोंद आहे. १९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन काढलं, आणि तिथून विधवा बायकासुद्धा ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या. लोकांनी नावं ठेवली, तरी त्या गेल्या. पण भूल देणं हा आपल्या देशात डॉक्टरांचाच विषय राहिला. १९४७ साली भूलतज्ज्ञांची देशपातळीवरची संघटना झाली, तीही डॉक्टरांची. खेड्यापाड्यांत सिझेरियनसाठी भूलतज्ज्ञ मिळेनात, तेव्हाही सरकारने एमबीबीएस डॉक्टरांनाच १८ आठवड्यांचं भुलीचं शिक्षण दिलं, नर्सना नाही.

म्हणजे आज आपली मुलगी इथं नर्स होऊन स्वतः भूल देऊ शकत नाही. पण भुलीच्या कामात तिला दोन दारं उघडी आहेत. एक, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करून ऑपरेशन थिएटर किंवा अतिदक्षता विभागात काम करायचं. परदेशची वाटही इथूनच सुरू होते. दुसरं, भुलीच्या यंत्रांचं आणि औषधांच्या तयारीचं शिक्षण घेऊन भूलतज्ज्ञांच्या हाताखाली तंत्रज्ञ व्हायचं. यासाठी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी आहे.

पुढच्या बैठकीत आम्ही हे सगळं मांडलं. त्या जाहिरातवाल्यांना फोन करून विचारलं, नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, कोणतं विद्यापीठ? उत्तर आलं, "आधी फी भरा, मग कागद दाखवू." आम्ही पैसे दिले नाहीत. मुलगी रडली. तिची आईही दोन दिवस आमच्याशी बोलली नाही. मग आम्ही तिच्या घरी गेलो, बसून समजावलं. आता ती जीएनएमचा अर्ज भरते आहे आणि तिच्या फीसाठी गटाने रक्कम बाजूला ठेवली आहे. ठरावावर पहिला अंगठा त्याच आजींनी उठवला.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात अशी मागणी आली तर मुलीला नाही म्हणू नका, पण कोर्सची मान्यता तपासल्याशिवाय पैसेही देऊ नका. फी भरण्याआधी मान्यतेचा कागद मागा, आणि तो नर्सिंग कौन्सिलकडे किंवा विद्यापीठाकडे दाखवून खात्री करा. भूल रोग्याला द्यायची असते, आपण भुलायचं नसतं.