फिरऔनचं प्रेत कुठे सापडलं?

गेल्या रमजानमध्ये कनेरगाव नाक्यावर एका ओळखीच्या पोराने मोबाईल पुढे केला. "चाचा, हा फिरऔन. समुद्रात सापडला. अंगावर अजून मीठ आहे, म्हणून शास्त्रज्ञ मुसलमान झाले."

फोटो दुसऱ्या रामसेसचा होता. हा राजा इ.स.पू. 1279 ते 1213, म्हणजे तब्बल 66 वर्षं गादीवर होता. म्हातारा होऊन मेला. त्याची ममी 1881 साली लक्झरजवळच्या डोंगरात, दैर अल-बहरीच्या एका गुप्त खोलीत लोकांसमोर आली. तांबडा समुद्र तिथून दीडशे किलोमीटरहून जास्त लांब. थडग्यांत चोऱ्या होऊ लागल्या तेव्हा पुजाऱ्यांनी राजांची प्रेतं हलवून तिथे लपवली आणि शवपेटीवर तशी नोंदही लिहिली. 1976 मध्ये ही ममी पॅरिसला नेली ती बुरशीवर उपचार करायला. त्याचा मुलगा मेरनेप्ताह याचंही नाव या गोष्टीत घेतात. त्याची ममी 1898 साली सापडली, तीही दुसऱ्या एका राजाच्या थडग्यात.

राहिलं मीठ. ममी करताना प्रेत सुमारे 40 दिवस नॅट्रॉन नावाच्या क्षारात सुकवत. त्यामुळे ममीच्या अंगावर क्षार सापडणारच. आमचा हा भाग 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, नाक्यापलीकडे वऱ्हाड. त्याच हैदराबादच्या संग्रहालयात निजाम उस्मान अली खान यांनी दिलेली एक ममी आहे. संग्रहालय तिला नाइशू नावाची राजकन्या म्हणतं. तरुण पोर होती बिचारी. तिलाही क्षारात सुकवलं असणार, म्हणून ती समुद्रात बुडाली म्हणायचं का?

मुळात 'फिरऔन' हे कुणाचं नाव नाही. इजिप्तच्या भाषेत 'पेर-आ' म्हणजे मोठं घर, राजवाडा. 'मंत्रालयाने ठरवलं' असं आपण म्हणतो ना, तसं. राजालाच हा शब्द लावायची रीत इ.स.पू. पंधराव्या शतकाच्या सुमारास पडली. कुरआनात हजरत यूसुफ (अ.) यांच्या काळचा राजा 'मलिक' आहे, हजरत मूसा (अ.) यांच्या काळचा 'फिरऔन'. हा फरक मला कुठल्याही मिठापेक्षा मोलाचा वाटतो. पण तो बयानात क्वचितच ऐकू येतो.

सूरह यूनुसमध्ये फिरऔनचा देह राखण्याची गोष्ट आहे, यात वाद नाही. त्याचं नाव मात्र तिथे नाही. तो रामसेस की मेरनेप्ताह की आणखी कुणी, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. उलट सूरह तहरीममध्ये त्याच्या बायकोला, हजरत आसिया यांना, ईमानवाल्यांसाठी मिसाल म्हणून पुढे ठेवलंय. त्यांच्याबद्दल कुणी मेसेज पाठवत नाही.

पोराने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण चाचा, मी तर हे तीन ग्रुपवर टाकलंय."

"मग तिन्हीकडे दुरुस्ती टाक."

"लोक काय म्हणतील?"

तेवढ्यात वाशीमकडची गाडी आली आणि तो पळाला.