पाणी, खळ आणि वीज



रात्री गोठ्याकडे जाताना आपण विजेरीचं बटण दाबतो. तिच्यातला साधा सेल म्हणजे जस्ताची डबी, मध्ये कोळशाची कांडी आणि दोहोंमध्ये ओलसर लगदा. आजची गोष्ट त्या ओलाव्याची आहे.

१८०० साली इटलीच्या व्होल्टाने चांदीच्या व जस्ताच्या चकत्या एकाआड एक रचल्या आणि मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेली फडकी ठेवली. अखंड वाहणारी वीज माणसाला प्रथम मिळाली ती अशी. त्याच वर्षी लंडनमध्ये निकल्सन आणि कार्लाइल यांनी ती वीज पाण्यात सोडली. पाहतात तो काय, बुडबुडे! एकीकडे हायड्रोजन, दुसरीकडे प्राणवायू. वीज वाहणारं पाणी विजेनेच फुटत होतं. ही मर्यादा सुमारे १.२३ व्होल्ट आहे. जस्तावर आणि शिशावर वायू फार सावकाश सुटतो, म्हणून विजेरीचा सेल दीड आणि शिशाची बॅटरी दोन व्होल्ट देते. पण वायू सुटतोच. ट्रॅक्टरच्या बॅटरीत अधूनमधून पाणी घालावं लागतं, ते यासाठी.

१८६६ साली फ्रान्सच्या लेक्लांशेने नवसागराच्या पाण्याचा घट केला. तो काचेच्या बरणीत असे आणि सांडे. १८८६ साली जर्मनीच्या गासनरने ते पाणी प्लास्टरमध्ये जिरवले. पुढे पिठाची खळ आली. सांडणं थांबलं, पण पाण्याची मर्यादा तीच राहिली.

दाब दुप्पट झाला, तर तेवढ्याच विद्युतभारात दुप्पट ऊर्जा साठते. म्हणून १९९१ साली बाजारात आलेल्या लिथियम-आयन बॅटरीने पाणीच वगळले. तिने साडेतीन व्होल्टच्या वर दाब दिला खरा, पण तिच्यातला द्रव पेट घेतो.

मग शास्त्रज्ञ पुन्हा पाण्याकडे वळले. २०१५ साली अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठ व तेथील लष्करी प्रयोगशाळेने एक किलो पाण्यात सुमारे सहा किलो लिथियमचे लवण विरघळवले. पाण्याचे बहुतेक कण लवणात गुंतून पडले, आणि मर्यादा तीन व्होल्टपर्यंत गेली. २०१७ साली पाण्याला दूर ठेवणारा जेलचा लेप ऋणध्रुवावर देऊन त्यांनी चार व्होल्ट गाठले. मात्र हे लवण महाग आहे. स्वस्त लवणाचा शोध चालू आहे.

शिक्षक बंधुभगिनींनी निकल्सनचा प्रयोग वर्गात जरूर करावा. दोन्ही टोकं तासलेल्या दोन पेन्सिली, धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि नऊ व्होल्टची लहान बॅटरी एवढं पुरे. मुलांना विचारा, बुडबुडे कुठे जास्त आहेत, आणि का?