कराचीतला २०१५ चा रमजान

कराचीत २०१५ चा पहिला रोजा १९ जूनला होता. दुसऱ्याच दिवशी पारा ४५ अंशांच्या जवळ गेला. समुद्रावरचा वारा पडला होता, वीज वारंवार जात होती, आणि वीज गेली की पाण्याचे पंपही बंद. काही दिवसांत बाराशेहून अधिक माणसे गेली. बहुतेक गरीब, म्हातारी, हातावर पोट असलेली. ईदी फाउंडेशनच्या शवागारात जागा उरली नाही.

सरकारे मात्र एकमेकांकडे आणि वीज कंपनीकडे बोट दाखवत राहिली. काहींनी तर रोज्यावरच ठपका ठेवला. मला हे पटत नाही. आजाऱ्याला रोजा सोडण्याची मुभा कुरआननेच दिलेली आहे. त्या दिवसांत उलेमांनीही ती जाहीरपणे सांगितली. पण रोजा सोडणाऱ्याच्या नळाला पाणी तर हवे ना!

माझ्या मते खरे दुखणे नोंदीत आहे. पुरात बुडालेला माणूस दिसतो. उन्हाने गेलेल्याच्या कागदावर बहुधा हृदयविकार लिहिला जातो. मग जाब कोण कुणाला विचारणार? अहमदाबादेत मे २०१० मध्ये नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, हे संशोधकांनी मागाहून नोंदवह्या ताडून काढले. तिथल्या महापालिकेने २०१३ मध्ये उष्माघाताचा आराखडा केला. इशारा कोणी द्यायचा, दवाखान्यांनी काय तयारी ठेवायची, हे त्यात ठरले. कराचीसाठी असा आराखडा २०१७ मध्ये आला.