राडारोडा

घरं कशी बांधली याचा इतिहास आपण आवडीने वाचतो. पण बांधताना आणि पाडताना जो राडारोडा निघाला, तो गेला कुठे? हा प्रश्न मला शाळेत असल्यापासून पडतो, कारण आमचं गाव कार्ले.

इथला चैत्य भारतातल्या कोरीव चैत्यांमध्ये सर्वांत मोठा. सुमारे 124 फूट लांब, 45 फूट रुंद आणि उंचीही जवळपास तेवढीच. तिथल्या लेखात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचं नाव आहे, धेनुकाकटाच्या यवन दात्यांची नावं खांबांवर आहेत. दगड फोडणाऱ्यांची आणि वाहणाऱ्यांची नावं मात्र नाहीत. आता जरा गणित करू या. सवय जात नाही हो! लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार अडीच लाख घनफुटांवर जातो. खांब, स्तूप, छताची कमान वगैरे वजा करून निम्माच धरू. तरी सव्वा लाख घनफूट, म्हणजे 1250 ब्रास अखंड कातळ. फोडलेला दगड साधारण दीडपट जागा घेतो. आजच्या ब्रासभर ट्रॉलीने वाहायचा तर अठराशेहून जास्त खेपा! बहुतेक सगळा समोरच्या उतारावर ढकलला असणार. दोन हजार वर्षांत त्यावर माती बसली, झाडं आली. डोंगराचा दगड डोंगरालाच मिळाला.

आमची जुनी घरंही तशीच होती. दगडाचं जोतं, मातीच्या भिंती, सागाच्या तुळया, वर कौलं. (मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना 1860 च्या दशकातला, म्हणजे तीही तशी अलीकडचीच.) घर उतरवलं की तुळया आणि चौकटी नव्या घरात जात, दगड शेताच्या बांधाला, आणि भिंतींची पांढरी माती खत म्हणून शेतात. तिला मागणी असे. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. इथे तर तेवढी वाटसुद्धा पाहावी लागत नसे.

सिमेंट आलं आणि हिशेब बदलला. काँक्रीट, फरश्या, प्लास्टिकचे पाइप यांना शेत घेत नाही. परदेशी असलेली आमची भाचरं सांगतात, तिकडे दारात लोखंडी पेटी भाड्याने आणून ठेवतात, त्यांच्या भाषेत 'स्किप'. भरली की गाडी येऊन उचलून नेते. अमेरिकेत जॉर्ज डेम्पस्टर यांनी 1930 च्या दशकात गाडीने उचलायच्या अशाच पेटीची युक्ती काढली. पण पेटी म्हणजे फक्त मधला मुक्काम. ती रिकामी कुठे होते, हाच खरा प्रश्न. आपल्याकडे दिल्लीत बुराडीला 2009 च्या सुमारास राडारोडा दळून पुन्हा वापरण्याचा कारखाना निघाला, आणि 2016 मध्ये राडारोड्यासाठी केंद्राने वेगळे नियम केले.

आमचं घर मुलांनी पाडायला काढलं, तेव्हा ट्रॉलीवाल्याने सहज विचारलं, "गुरुजी, ओढ्याच्या कडेला टाकू ना? सगळे तिथंच टाकतात." ओढा पुढे इंद्रायणीला मिळतो. तिचंच पाणी खाली देहू-आळंदीला जातं. मी नाही म्हटलं. मुलं थोडी कुरकुरली, कारण खर्च वाढणार होता. शेवटी दगड-विटांचे तुकडे नव्या जोत्याच्या भरावात घातले, लाकूड गोठ्याला लागलं, माती परसात पसरली. उरली दोन ट्रॉल्या मोडतोड. तिच्यासाठी परवानगीची जागा शोधायला चार दिवस गेले, आणि भाडंही दुप्पट पडलं.

लेणी खोदणाऱ्यांपुढे हा प्रश्न नव्हता. त्यांनी डोंगरात बाहेरचं फारसं काही आणलंच नव्हतं. आपण आणतो, तेव्हा ते कुठे जाणार हे ठरवणंही आपल्याकडेच येतं. ओढा काही बोलत नाही, एवढंच. तुमच्या गावी घर पाडलं की राडारोडा कुठे जातो? जरूर कळवा.