डब्यावरील खूण आणि डोक्यावरील भार : मुंबई उपनगरांतील डबेवाल्यांच्या कार्यविभागणीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

एखादे काम अनेकांत वाटून दिले की ते कोठवर आले हे सांगता येते. ते करताना कोणाच्या अंगावर किती भार पडला हे सांगणे त्या मानाने फार कठीण असते. आधुनिक व्यवस्थापनशास्त्राने हा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी हाती घेतला. हेन्री गँट या अमेरिकी अभियंत्याचे तक्ते १९१० च्या दशकात रूढ झाले. त्यांत प्रत्येक कामाची एक आडवी पट्टी व तिच्याखाली काळाची मोजपट्टी असे. १९८४ साली बाजारात आलेले ‘मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट’ आणि २००२ साली आलेले ‘जिरा’ ही सॉफ्टवेअरे याच विचाराची पुढील अपत्ये होत. त्यांत मुख्य काम, त्याच्या पोटातील उपकामे आणि प्रत्येकाचा जबाबदार माणूस यांची नोंद होते. परंतु या नोंदीतही एक पेच आहेच. मुख्य कामावर लावलेले तास आणि उपकामांवर लावलेले तास असे दोन्ही मोजले तर भार दुप्पट दिसतो. केवळ मुख्य काम मोजले तर ज्याच्या नावावर फक्त उपकामे आहेत तो कर्मचारी कागदावर रिकामा दिसतो.

हा पेच मुंबईला नवा नाही. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या उपनगरांतून रोज सकाळी निघणाऱ्या जेवणाच्या डब्यांच्या वाहतुकीत तो शतकाहून अधिक काळ उभा आहे. डबेवाल्यांच्या अचूकतेविषयी विपुल लिहिले गेले. त्यांच्यातील भाराच्या वाटणीविषयी मात्र फारच थोडे लिहिले गेले. प्रस्तुत निबंधात या दुसऱ्या अंगाचा विचार केला आहे. डबेवाल्यांनी उपकामांची साखळी डब्याच्या झाकणावर लिहिली, पण त्या कामाचा भार त्यांनी कोठेही लिहिला नाही. तो वीस-पंचवीस माणसांच्या गटाच्या नजरेवर सोपविला, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

व्यवसायाची जडणघडण

या व्यवसायाचा आरंभ इ.स. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी केला, अशी परंपरा आहे. त्या काळी कचेऱ्या, पेढ्या व गोद्या शहराच्या दक्षिण टोकाशी एकवटल्या होत्या आणि घरचे जेवण दुपारी कचेरीत मिळावे ही गरज नोकरदार व व्यापारी वर्गात निर्माण झाली होती. डबे वाहणारी माणसे आली ती प्रामुख्याने पुणे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातून. मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांतील अल्पभूधारक कुटुंबांतील तरुण भाऊबंद व गाववाले यांच्या आधाराने मुंबईत येत. वारकरी संप्रदायाची शिस्त आणि गावकीची ओळख या दोन गोष्टी त्यांच्याबरोबर आल्या. आजही चैत्रात गावोगावच्या जत्रांसाठी सारे डबेवाले काही दिवस सुट्टी घेतात, ती या मुळाची साक्ष होय.

१९५६ साली ‘नूतन मुंबई टिफिन बॉक्स सप्लायर्स’ या नावाने धर्मादाय न्यास नोंदविला गेला आणि १९६८ साली ‘मुंबई टिफिन बॉक्स सप्लायर्स असोसिएशन’ची नोंदणी झाली. आरंभीच्या व्यवस्थेत मुकादम हा मालक असे व बाकीचे त्याचे पगारी गडी असत. पुढे या नात्याचे रूपांतर भागीदारीत झाले. सहा महिन्यांच्या उमेदवारीनंतर नवा माणूस रक्कम भरून गटात शिरतो आणि तेथून पुढे तो चाकर राहत नाही, हिस्सेदार होतो. या व्यवसायाची कार्यविभागणी समजण्यासाठी हा बदल ध्यानात घेणे अगत्याचे आहे. कारण भाराचा हिशेब कोण ठेवतो, हे मालकी कोणाची यावरून ठरते.

त्याच मुंबईतील गिरण्यांचा दाखला येथे उपयुक्त ठरतो. १९२८ च्या एप्रिल ते ऑक्टोबर या काळातील सार्वत्रिक संपाच्या मुळाशी भाराचाच प्रश्न होता. एका विणकराने दोनांऐवजी तीन साचे सांभाळावेत, सूतकताईच्या खात्यात एका माणसाने एकाऐवजी दोन बाजू पाहाव्यात, अशी मालकांची योजना होती. साचे मोजता येतात म्हणून भारही मोजता येतो, ही मालकांची धारणा होती. सूत निकृष्ट असले की तेच साचे दुप्पट राबवून घेतात, हे कामगारांचे उत्तर होते. त्यानंतर नेमलेल्या फॉसेट समितीपुढे हा वाद कागदोपत्री आला. डबेवाल्यांच्या इतिहासात असा मालक नाही, म्हणून असा वाद नाही आणि म्हणूनच असे कागदही नाहीत.

झाकणावरील लेख

बोरिवलीतील एका घरातून निघालेला डबा दुपारी कचेरीतील टेबलावर पोहोचेपर्यंत तीन-चार जणांच्या हातांतून जातो. एक जण सकाळी घरोघरी फिरून डबे गोळा करतो व सायकलीवरून स्थानकात आणतो. तेथे उतरण्याच्या स्थानकाप्रमाणे डब्यांची वर्गवारी होते. लांबट लाकडी पाटीत साधारणपणे चाळीस डबे बसतात; भरलेल्या पाटीचे वजन साठ-सत्तर किलोंच्या घरात जाते. अशा पाट्या लोकलच्या मालडब्यात चढवायच्या असतात. मोठ्या स्थानकांवर गाडी सुमारे चाळीस सेकंद थांबते, लहान स्थानकांवर वीस. पश्चिम मार्गावर अंधेरी, वांद्रे, दादर, चर्चगेट येथे आणि मध्य मार्गावर घाटकोपर, कुर्ला, दादर येथे पाट्या उतरतात, पुन्हा वर्गवारी होते व तिसरा माणूस त्या इमारतीत नेऊन पोहोचवितो. दुपारनंतर रिकाम्या डब्यांचा हाच प्रवास उलट दिशेने घडतो.

या सर्व उपकामांचा आराखडा झाकणावर रंगविलेला असतो. आरंभी तो रंगीत दोऱ्यांचा व चिन्हांचा होता, कारण वाहणाऱ्यांपैकी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. पुढे त्यात अक्षरे व अंक आले. अनेक ठिकाणी छापून आलेले एक उदाहरण असे : ‘व्हीएलपी’ म्हणजे निघण्याचे स्थानक विलेपार्ले, ‘ई’ म्हणजे घरून डबा उचलणारा, मध्यभागी मोठा ‘३’ म्हणजे पोहोचविण्याचा विभाग नरिमन पॉइंट, आणि कडेला ‘९ ईएक्स १२’, म्हणजे त्या विभागातील नवव्या क्रमांकाचा डबेवाला, एक्सप्रेस टॉवर्स ही इमारत व बारावा मजला.

या लेखाचे वैशिष्ट्य असे की त्यात ग्राहकाचे नाव नाही, पत्ता नाही आणि वेळही नाही. वेळ लोकलच्या वेळापत्रकात आहे, पत्ता उचलणाऱ्याच्या व पोहोचविणाऱ्याच्या स्मरणात आहे. प्रत्येकाला आपल्या टप्प्यापुरतीच खूण वाचावी लागते. बोरिवलीच्या फलाटावर वर्गवारी करणाऱ्याला ‘३’ पुरेसा आहे. इमारतीशी त्याला कर्तव्य नाही. उपकामांची इतकी काटकसरीची नोंद सॉफ्टवेअरच्या जगातही सहसा आढळत नाही.

तथापि या खुणेत जे नाही तेही पाहिले पाहिजे. बाराव्या मजल्यावर उद्वाहन चालू आहे की नाही, डबा एकमजली आहे की चारमजली, वाट फलाटाच्या दारातून निघते की पुलावरून वळसा घालून जाते, यांपैकी कशाचीही नोंद झाकणावर नसते. जबाबदारी कोणाची हे खूण सांगते. ती किती जड आहे हे सांगत नाही.

भाराचा हिशेब

हा दुसरा हिशेब गटात होतो. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे स्टीफन थॉम्के यांनी २०१० साली डबेवाल्यांवर अभ्यासप्रकरण प्रसिद्ध केले व २०१२ मध्ये त्यावर लेख लिहिला. त्यानुसार सुमारे २५ जणांचा एक असे सुमारे २०० गट होते आणि प्रत्येक गट आपल्या कारभारात स्वायत्त होता. नवे ग्राहक घ्यावेत की नाहीत, शुल्क किती आकारावे, हे गटच ठरवी. दीर्घ अनुभवाचे मुकादम वर्गवारी, चढ-उतार, वसुली व तंटे यांवर देखरेख करीत. प्रत्येक गटात दोन-तीन माणसे जादा ठेवलेली असत. कोणी आजारी पडला अथवा गाडी चुकली की ती त्याची जागा घेत. जमा झालेल्या शुल्कातून खर्च वजा जाता उरलेली रक्कम गटात समान वाटली जाई.

समान वाटणीचा हा नियम भाराच्या मोजणीला पर्याय ठरला, हे येथील मुख्य निरीक्षण आहे. मोबदला डब्यामागे मिळाला असता तर प्रत्येक डब्याचे वजन, अंतर व मजला मोजावा लागला असता आणि रोज भांडण झाले असते. मोबदला समान असल्याने मोजण्याची गरज संपली. पण त्याच कारणाने भारही शक्य तितका समान ठेवणे भाग पडले. ज्याच्या वाट्याला लांबची वाट आली त्याला डबे कमी द्यायचे, वय झालेल्याला वर्गवारीला बसवायचे, तरुणाने पाटी उचलायची, अशी तडजोड पंचवीस माणसांत रोज समोरासमोर होऊ शकते. पाच हजारांत ती होणार नाही. गटाचा आकार लहान राहण्याचे एक कारण यात दडलेले असावे.

या हिशेबाची मर्यादाही उघड आहे. तो गटाबाहेर दिसत नाही. थॉम्के यांच्या लेखात सुमारे पाच हजार डबेवाले व रोजचे सुमारे १ लाख ३० हजार डबे असा आकडा आहे, म्हणजे माणशी सरासरी २६ डबे. ही सरासरी मुलुंडच्या चढाच्या रस्त्यांवर डबे गोळा करणाऱ्याला आणि चर्चगेटसमोरच्याच इमारतीत पोहोचविणाऱ्याला सारखीच लागू होते. म्हणूनच ती दोघांविषयीही फारसे काही सांगत नाही.

बाहेरील जगाने मोजले ते वेगळेच. १९९८ साली ‘फोर्ब्स’ नियतकालिकाच्या लेखासाठी संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष रघुनाथ मेदगे यांना चुकांविषयी विचारले असता, चूक जवळजवळ होतच नाही, फार तर दोन महिन्यांतून एखादी, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. त्या अंदाजाला दोन महिन्यांतील डब्यांच्या संख्येची जोड मिळाली आणि लाखो डब्यांत एक चूक असे प्रमाण जन्मास आले. पुढे त्याला ‘सिक्स सिग्मा’ हे बिरुद चिकटले. या प्रमाणामागे कोणतीही पद्धतशीर मोजणी नव्हती. नोव्हेंबर २००३ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स चर्चगेट येथे डबेवाल्यांना भेटले; त्यानंतर व्यवस्थापनाच्या वर्गांत डबेवाल्यांची व्याख्याने सुरू झाली. त्या कौतुकात डबा किती वेळा चुकला याची चर्चा झाली. तो उचलताना मान व गुडघे यांचे काय झाले, याची फारशी झाली नाही. २०१३ चा ‘द लंचबॉक्स’ हा चित्रपटही चुकलेल्या डब्यावरच बेतलेला आहे.

उपनगरांचा बदललेला नकाशा

जोपर्यंत घरे उत्तरेस आणि कचेऱ्या दक्षिणेस होत्या, तोपर्यंत भाराची ही अलिखित वाटणी टिकून राहणे सोपे होते. सारे डबे एका दिशेने जात आणि उतरल्यावर थोड्याच इमारतींत विसावत. १९७३ साली अंधेरी पूर्वेला ‘सीप्झ’ हे निर्यात प्रक्रिया क्षेत्र स्थापन झाले, शेजारी औद्योगिक वसाहत वाढली, पुढे मालाड-गोरेगावात संगणक कंपन्यांची संकुले आली. अंधेरी हे जसे डबे निघण्याचे स्थानक होते तसेच ते उतरण्याचेही झाले. येथे एक योगायोग नमूद करण्यासारखा आहे : भाराचे तक्ते पडद्यावर पाहणारे कर्मचारी ज्या संकुलांत बसतात, त्यांच्याच दारात न मोजलेला भार घेऊन सायकली उभ्या राहतात.

वांद्रे-कुर्ला संकुलाचे उदाहरण अधिक बोलके आहे. २०१० साली तेथे भारत डायमंड बोर्स सुरू झाले आणि ऑपेरा हाउस परिसरातील हिऱ्यांचा व्यापार मोठ्या प्रमाणावर तिकडे सरकला. बोरिवली, मालाड, घाटकोपर येथे राहणाऱ्या हिरे व्यापाऱ्याचा डबा पूर्वी चर्नी रोडला उतरून काही मिनिटांत पायी पोहोचे. आता तो वांद्रे अथवा कुर्ला येथे उतरतो, रेल्वेचा प्रवास कमी होतो आणि पुढचा रस्त्यावरचा प्रवास वाढतो. झाकणावर केवळ एक अंक व एका इमारतीचे अक्षर बदलते. गाडीने वाहिलेला भार माणसाच्या पायांवर आला, ही गोष्ट त्या बदललेल्या अंकात उमटत नाही.

मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या आणि व्यवसायही थांबला. अनेक डबेवाले गावी परतले. काहींनी रिक्षा चालविणे, पहारेकरी होणे असे मार्ग धरले. गाड्या पूर्ववत झाल्या तरी सारे ग्राहक परतले नाहीत. घरून काम करण्याची रीत काही अंशी टिकली आणि उपाहारगृहांतून जेवण मागविण्याची सोय हाताशी आली. वरवर पाहता ग्राहक कमी म्हणजे भार कमी. प्रत्यक्षात डबेवाल्याचा भार डब्यांच्या संख्येइतकाच त्यांच्या दाटीवर अवलंबून असतो. एका इमारतीतील दहा डबे दोनांवर आले तरी तेथवरची वाट तेवढीच राहते, पहाऱ्यावरील चौकशी तेवढीच राहते, उद्वाहनासमोरील रांगही तेवढीच राहते. घटते ते केवळ शुल्क. पूर्वीइतकी कमाई टिकवायची तर गटाला अधिक इमारती जोडाव्या लागतात. ठरलेल्या लोकलने रिकामे डबे परतले पाहिजेत, ही अट मात्र हलत नाही. अशा स्थितीत गटातील दोन-तीन जादा माणसे ठेवणे परवडेनासे होते आणि आजारी माणसाचे डबे उरलेल्यांच्याच पाटीत चढतात. हे ओझे कोणी किती उचलले याचा निवाडा आजही दिवस संपल्यावर फलाटाच्या टोकाशी, मुकादमासमोर तोंडीच होतो.