छांदिष्टांनी उभी केलेली दालने

परगावी एक मोकळा दिवस मिळालेल्या माणसाला देवदर्शन, खरेदी आणि चौपाटी हे बेत कोणीही सुचवतो. पक्षी ओळखणाऱ्याचा, नाणी जमवणाऱ्याचा किंवा जुन्या दिव्यांच्या घाटांवर टिपणे करणाऱ्याचा दिवस मात्र या बेतांत बसत नाही, आणि तो एकटाच आला असेल तर त्याचा वेळ कसा जाईल याची यजमानांना काळजी लागते. माझ्या मते ही काळजी अनाठायी आहे. मुंबई-पुण्यात अशा माणसासाठी जितके मांडून ठेवलेले आहे तितके क्वचितच दुसऱ्या कोणासाठी असेल, कारण या शहरांतली ज्ञानाची बरीच दालने पोटापाण्याचा उद्योग सांभाळून छंद जोपासणाऱ्या माणसांनीच उभी केली आहेत. हा इतिहास नीट पाहिला की एकट्या छांदिष्टाने शहरात काय करावे, याचेही उत्तर त्यातच सापडते.

काळा घोडा परिसरातल्या डेव्हिड ससून ग्रंथालयाचे मूळ 1847 मधले आहे. सरकारी टांकसाळीत आणि गोदीत काम करणाऱ्या तरुण यांत्रिकांना यंत्रांच्या प्रतिकृतींचा संग्रह आणि वाचनालय हवे होते. त्यातून ही संस्था निघाली. ससून घराण्याच्या देणगीतून इमारत पूर्ण झाली ती 1870 मध्ये. म्हणजे आधी छंद होता, पैसा आणि दगडी कमानी मागून आल्या. भायखळ्याच्या संग्रहालयाची गोष्टही फार निराळी नाही. 1872 मध्ये ते लोकांसाठी खुले झाले, त्यामागे जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांची खटपट होती. भाऊ दाजी व्यवसायाने डॉक्टर. ग्रँट मेडिकल कॉलेजमधून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले. रुग्ण तपासून उरलेल्या वेळात ते जुनी नाणी, हस्तलिखिते आणि शिलालेख यांच्या मागे लागत. 1975 मध्ये त्या संग्रहालयाला त्यांचे नाव दिले गेले, ते म्हणूनच यथोचित वाटते.

याच भायखळ्याच्या संग्रहालयात 15 सप्टेंबर 1883 रोजी आठ जण जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. महिन्यातून एकदा भेटावे, प्रत्येकाने आपल्याला दिसलेले सांगावे, एखादा नमुना आणला असेल तर तो दाखवावा, एवढाच सुरुवातीचा बेत होता. डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे मराठी डॉक्टर त्या आठांत होते. साताऱ्यात जन्मलेले एडवर्ड एटकेन मीठ आणि जकात खात्यात नोकरीला होते. लवकरच हर्बर्ट फिप्सन येऊन मिळाले. ते मद्याचे व्यापारी. त्यांनी आपल्या पेढीच्या जागेतच सोसायटीला खोल्या दिल्या. 1886 पासून सोसायटीचे नियतकालिक निघू लागले आणि ते आजही निघते. संस्थापकांत प्राणिशास्त्रावर पोट भरणारा व्यावसायिक संशोधक शोधूनही सापडत नाही. तरीही भारतातल्या वन्यजीवांच्या अभ्यासाची पायाभरणी मोठ्या प्रमाणात इथेच झाली.

सोसायटीचा खरा उपयोग कोणता, हे सालिम अलींच्या शाळकरी वयातल्या प्रसंगातून कळते. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. घरात कोणालाच तो पक्षी ओळखता येईना, तेव्हा मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी चिठ्ठी देऊन मुलाला सोसायटीत धाडले. मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिला आणि शिवाय कपाटे उघडून भरून ठेवलेल्या पक्ष्यांचा संग्रह मुलापुढे मांडला. निरीक्षण मुलाने एकट्याने केले होते. ते पडताळायला मात्र इतरांनी जमवलेले शेकडो नमुने लागले. पुढे 1930 च्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींची घरटी न्याहाळताना सालिम अलींनी दाखवून दिले की नर एकामागून एक घरटी विणतो आणि मादी आवडलेले घरटे पत्करते. प्राणिशास्त्राची विद्यापीठीय पदवी त्यांच्याकडे नव्हती. चिकाटी होती, आणि पडताळणीची जागा ठाऊक होती.

पुण्यातले उदाहरण तर एकाच माणसाचे. दिनकर गंगाधर केळकर, कवितेतले ‘अज्ञातवासी’, यांचा चष्म्यांचा व्यवसाय होता. 1920 च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. लहान वयात गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने पुढे संग्रहालय उभे राहिले आणि 1975 मध्ये त्यांनी हजारो वस्तूंचा हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. राजेरजवाड्यांची शस्त्रे आणि चित्रे जमवणारे पुष्कळ होते. केळकरांनी अडकित्ते, वज्री, समया, दौती, फण्या, करंडे, कोरीव दारे आणि वाद्ये गोळा केली. घरातल्या बायकांच्या आणि गावातल्या कारागिरांच्या हातच्या ज्या वस्तूंकडे इतिहासकारांचे लक्ष क्वचितच जाई, त्या त्यांनी मोडीत जाण्यापासून वाचवल्या.

या इतिहासावर रास्त आक्षेप घेता येतात. पहिला असा की हे छंद सुखवस्तूंचे आणि सत्ताधाऱ्यांचे होते. यात तथ्य आहे. सोसायटीच्या आरंभकाळात शिकारी गोऱ्या अधिकाऱ्यांचे वजन होते, आणि 1911 ते 1923 या काळात तिने चालवलेल्या सस्तन प्राण्यांच्या पाहणीतले अनेक नमुने लंडनला गेले. पण टांकसाळीतले यांत्रिक सुखवस्तू नव्हते आणि चष्मे विकणारा कवी सत्ताधारी नव्हता. शिवाय ज्या कपाटांची किल्ली एकेकाळी मोजक्यांच्या हाती होती, त्यांतल्या नोंदींवर आज भारतीय अभ्यासक काम करतात. संग्रहाचा उगम विषम होता म्हणून त्याचा उपयोग सोडून देणे म्हणजे तो अन्याय दुसऱ्यांदा पदरात घेणे होय. दुसरा आक्षेप: आता सगळे फोनवर दिसते, मग शहरात जायचे कशाला? फोनवर एका पक्ष्याचे एक चांगले छायाचित्र मिळते. संग्रहात एकाच जातीचे निरनिराळ्या ठिकाणचे आणि ऋतूंतले पक्षी शेजारी शेजारी ठेवलेले असतात, प्रत्येकाच्या चिठ्ठीवर जागा, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव असते. फरक कुठे संपतो आणि निराळी जात कुठे सुरू होते, हे अशा रांगा पाहूनच उमगते. अडकित्त्याचा भार आणि त्याच्या पात्याची झीजही चित्रात उतरत नाही.

तिसरा आक्षेप जास्त विचार करायला लावणारा आहे: या तर संस्था, म्हणजे समूहाचे काम, त्यात एकट्याचा संबंध काय? सालिम अलींच्या चिमणीनेच याचे उत्तर दिले आहे. पाहणे एकट्याचेच असते. सोबतीने हिंडणारा माणूस दुसऱ्याच्या पायांच्या वेगाने चालतो, आणि एका कपाटापुढे तासभर उभे राहण्याची मुभा त्याला मिळत नाही. छांदिष्टाला नेमकी तीच मुभा हवी असते.

म्हणून मुंबईत एकटे आलेल्या छांदिष्टाने काळा घोडा परिसरात दिवस काढावा. छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय 1922 मध्ये खुले झाले, तेही पुरुषोत्तम विश्राम मावजी, सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा अशा खासगी संग्राहकांच्या संचितावर समृद्ध झाले. 1926 मध्ये सालिम अली तिथल्या नैसर्गिक इतिहास विभागात मार्गदर्शक व्याख्याते होते. सोसायटीचे हॉर्नबिल हाउस तिथून काही पावलांवर आहे आणि ससून ग्रंथालय रस्त्यापलीकडे. टपाल तिकिटे जमवणाऱ्याला थोडे पुढे मुख्य टपाल कार्यालयातला फिलाटेली विभाग आहे. पुण्यात असाल तर केळकर संग्रहालय. सगळी दालने ओलांडण्याचा हट्ट धरू नका. घरून एकच प्रश्न घेऊन निघा, त्या प्रश्नाच्या एका कपाटापुढे बसा, हाताने चित्र काढा, चिठ्ठीवरची जागा आणि तारीख उतरवून घ्या. अभ्याससंग्रह पाहायचा असेल तर आधी पत्र लिहून परवानगी मागा. आणि परत गेल्यावर आपल्या गावच्या नोंदी तितक्याच काटेकोरपणे लिहून कोणाच्या तरी हाती सोपवा, कारण ही दालने ज्यांनी भरली तेही तुमच्यासारखेच नोकरी-धंदा सांभाळून पाहणारे लोक होते.